पंचवीस बैठका

पिंपळझिरा, पोस्ट तिवसा
६ जानेवारी १९५९

ती. नत्थुजी मामांस,
शालूचा सविनय जयभीम.

मामा, तुम्ही अकोल्याच्या कापसाच्या जिनात सुतारमिस्त्री आणि मी तुमची एकुलती एक भाची, तेव्हा हे पत्र वाचून कोटाच्या खिशात घालायचं आणि विसरायचं, असं चालणार नाही. मला पंचवीस खुर्च्या पाहिजेत. लाकूड मात्र नाही.

हसू नका. परवा बालवाडीच्या तपासणीसबाई जीपमधून आल्या. पोरांनी गाणी म्हटली, हात स्वच्छ दाखवले, देवमनने तर न सांगता नाकही पुसलं. बाई खूश होत्या. मग त्यांनी जमिनीला हात लावून पाहिला. शेरेबुकात लिहून गेल्या की मुले गार जमिनीवर बसतात, पावसाळ्यात येथे ओल येणार. २८ मार्चला पुन्हा तपासणी होईल, तोपर्यंत बसण्याची सोय न झाल्यास बालवाडी दुसऱ्या गावी हलवावी.

मी सरपंचांकडे गेले. पंजाबराव पाटील म्हणाले, "आमी भुईवर बसूनच शिकलो. आमाले काय झालं?" त्यांना काय झालं ते मला दिसत होतं.

बालवाडी गेली तर ही पोरं पुन्हा शेताच्या धुऱ्यावर जातील. आया कापूस वेचणार आणि लेकरं बाभळीखाली फडक्यावर पडून राहणार. गेल्या वर्षी अशाच एका लेकराला विंचू चावला होता, म्हणून तर मी हे सुरू केलं. मला ते बंद पडू द्यायचं नाही मामा. मला रात्रंदिवस तेच दिसतं.

आमच्याकडे सध्या काय आहे ते सांगते: तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीचा कडबा, अंबाडीचा वाख. पिकं निघाली की हे सगळं चुलीत नाहीतर गोठ्यात जातं. यातून काही बसायचं होईल का? तुम्ही एवढे यंत्रांचे सांगाडे ठोकता, तुमच्या डोक्यातून निघेल.

मामीला जयभीम.

तुमची
शालू

---

अकोला
१३ जानेवारी १९५९

चि. शालूस,
नत्थुजी मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू योग्य माणसाला विचारलंस. जिनातले लोक मला विचारल्याशिवाय खिळा ठोकत नाहीत, हे तुला माहीत असेलच.

सोबत नकाशा जोडला आहे. तुराट्यांची खुर्ची: चार पाय, पाठ टेकायला जाळी, दोन्ही बाजूंना हात. हात पाहिजेतच. हाताशिवाय खुर्ची म्हणजे नुसता पाट. माप फूटपट्टीने घेतलं आहे, त्यात एका दोऱ्याइतकाही फरक करू नकोस. तुराट्या जाड निवड आणि सांधे अंबाडीच्या सुतळीने बांध.

तुझ्या आईने तुला शेषरावच्या लग्नात मी केलेल्या बाकाची गोष्ट सांगितली असेल. ती खोटी आहे. बाक मोडला नव्हता, व्याही जड होते.

इकडे एक नवीनच चालू आहे. तुझी मामी संध्याकाळी प्रौढांच्या साक्षरता वर्गाला जाते. हातात पाटी, पदराला खडू बांधलेला. भाकरीला उशीर होतो. परवा माझ्या काळ्या टोपीवर तिने 'ग' काढला आणि मी तोच डोक्यावर घेऊन जिनात गेलो. सगळी पाळी हसली. मी तिला म्हटलं, या वयात तुला काय करायचंय शिकून?  तिने तुझा कागद मात्र मला दोनदा वाचायला लावला.

खुर्ची तयार झाली की कळव.

तुझा
मामा

---

पिंपळझिरा
२७ जानेवारी १९५९

ती. मामांस,
सविनय जयभीम.

खुर्ची तयार झाली होती. आता नाही.

तुमच्या मापाप्रमाणे मी आणि मनकर्णाबाईंनी चार दिवस खपून एक उभी केली. मनकर्णाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या, देवमनची आजी. खुर्ची दिसायला इतकी सुरेख झाली की सगळा मोहल्ला बघायला आला. पंजाबराव पाटीलही आले. मी देवमनला अंघोळ घालून, केस विंचरून, त्या खुर्चीवर बसवलं. तो दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून कलेक्टरसारखा बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून त्याला हुरूप आला आणि तो जरा मागे रेलला.

मामा, तुराटी वाळली की कडकन मोडते. हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही असणार. पण नकाशा इतका टापटिपीचा होता की आम्ही कोणीच तोंड उघडलं नाही. देवमनला काही लागलं नाही. तो काड्यांच्या ढिगात बसून "आनखी एकदा" म्हणत होता.

पाटील जाताना म्हणाले, "पोरी, काड्या चुलीतच बऱ्या." मला रडू आलं, पण ते गेल्यावर. आता दोन महिनेच राहिलेत. नुसती ऐटदार खुर्ची नको मामा, पोर बसेल आणि उठेल असं काहीतरी सांगा.

शालू

---

अकोला
४ फेब्रुवारी १९५९

चि. शालूस,
आशीर्वाद.

खुर्ची मोडली यात नकाशाचा दोष नाही. रेलायचं नव्हतं.

असो. मी पुष्कळ विचार केला आणि मला एक वेगळीच युक्ती सुचली. खुर्चीचा नाद सोड. पोरं खळ्यावर कशावर बसतात? कडब्याच्या पेंढीवर. मग पेंढीच कर.

ज्वारीचे धांडे एक वीत आणि चार बोटं लांब कापायचे. मुठी मुठी बांधून मग सगळ्या मुठी एकत्र उभ्या धरायच्या. बाहेरून पऱ्हाट्यांचे आखूड सोट लावायचे, म्हणजे गठ्ठा लवत नाही. गुडघा रोवून अंबाडीच्या दोरीने तीन ठिकाणी आवळायचं, वर, मधे, खाली. धांडा आडवा मोडतो, उभा मोडत नाही. वरती बसायला चुंबळ करायची. डोक्यावर घागर ठेवायला बाया करतात तशीच, फक्त मोठी, आणि कडब्याच्या पाल्याची. ती दोरीने गुंडाळून गठ्ठ्याला शिवून टाक. चुंबळीवर भरली घागर डळमळत नाही, तर पोर काय डळमळणार?

माप फूटपट्टीने घेऊ नको. पोराला धुळीत बसव आणि उठव. जेवढा ठसा उमटेल तेवढी चुंबळ.

आणि हे काम एकटीने करायचं नाही. ज्या ज्या बाईचं पोर बालवाडीत आहे तिने आपल्या पोराची बैठक आपण करावी. म्हणजे ती तिच्यावर लक्ष ठेवील.

या वेळी नकाशा पाठवत नाही. लागणार नाही.

मामा

ता. क. मामी आता जोडाक्षरांवर आली आहे. काल दुकानाची पाटी वाचत उभी राहिली आणि मी पुढे चौकापर्यंत एकटाच बोलत गेलो.

---

पिंपळझिरा
२० फेब्रुवारी १९५९

ती. मामांस,
आनंदाचा जयभीम!

झाली मामा, झाली! पहिली बैठक मी देवमनच्या मापाची केली. तो बसला, रेलला, तिच्यावर उभा राहिला, तिला आडवी पाडून लोटत विहिरीपर्यंत घेऊन गेला आणि परत आणली. तिला काही झालं नाही. मग मनकर्णाबाई बसल्या. मनकर्णाबाई बसल्या म्हणजे आता कोणीही बसावं.

दुसऱ्या दिवसापासून बाया कामावरून आल्या की कडबा घेऊन माझ्या अंगणात बसतात. सगळी पोरं ओळीने धुळीत बसवली आणि उठवली. काय हसलो आम्ही! पार्बताबाईचा धाकटा आपला ठसा कोणाला पुसू देईना. चुंबळ कशी करायची हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही. उलट मलाच तिघींनी वेड्यात काढलं, की इतकी ढिली चुंबळ करणारी पोरगी नांदायला गेली तर घागरी फोडील. अठरा तयार आहेत.

आता एक विचारते, रागावू नका. मामा, तुम्ही चुंबळ कधी डोक्यावर घेतली होती? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "नत्थूनं घागर तं सोड, तांब्या उचलला असंन तं सांग मले."

दुसरं, मनकर्णाबाई म्हणतात की या बैठकांना पावसाळ्यापर्यंत घुण लागेल, आतून पीठ पडेल. तपासणीसबाईंनी हेच विचारलं तर काय सांगू? याला काही उपाय आहे का?

शालू

---

अकोला
२७ फेब्रुवारी १९५९

चि. शालूस,
आशीर्वाद.

कल्पक माणसाला सगळं डोक्यावर घेऊन पाहावं लागत नाही. तुझ्या आईला हे वाचून दाखव.

घुणाचा उपाय एकदम सोपा. मीठ! लोणचं वर्षभर टिकतं ते कशाने? बैठका तयार झाल्या की दाट मिठाच्या पाण्यात बुडव, चांगल्या निथळू दे आणि उन्हात वाळव. घुण जवळ फिरकणार नाही. हे मी अगदी स्वतः शोधून काढलं आहे.

मामी यावर काहीतरी सांगत होती, पण तिला वर्गाला उशीर होत होता आणि मला टपालाला, त्यामुळे पुरतं ऐकलं नाही. तिचं म्हणणं नेहमीप्रमाणे ढोरावासरांबद्दल होतं.

मामा

---

पिंपळझिरा
१८ मार्च १९५९

ती. मामांस,

मामा, सगळं गेलं. नीट सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

तुमच्या सांगण्याप्रमाणे पंचवीसच्या पंचवीस बैठका मिठाच्या पाण्यात बुडवल्या. वाळून छान खडखडीत झाल्या. तेवढ्यात होळी जवळ आली. होळीसाठी गावातली पोरं कोणाच्या दारातली काडी सोडत नाहीत, खाटेचे पाय काढून नेतात. म्हणून मी हुशारी केली. पंजाबराव पाटलांच्या पाया पडून त्यांच्या गोठ्याच्या कुंपणात बैठका ठेवल्या. तिथे पोरांची जायची छाती नाही.

संध्याकाळी पाटलांच्या बैलांचं जू सोडलं. रोज ते आधी पाण्यावर जातात. काल पाण्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कुंपणाची काटी तोंडानं बाजूला करून दोघं आत शिरले, त्यांच्या मागे गाय, तिच्या मागे गोऱ्हा. गडी तंबाखू मळत होता. आम्हाला कळलं तोवर तीन बैठका उरल्या होत्या. बाकीच्यांचे पऱ्हाट्यांचे सोट आणि दोऱ्या. चुंबळी तर त्यांनी आधी खाल्ल्या.

पाटील धावत आले, एक काडी उचलून जिभेला लावली आणि ओरडले, "ढोरायच्या चाऱ्याले मीठ कोनं लावलं वं?"

माझा जन्म या गावातला. आजारी बैल चारा खात नसला की कडब्यावर मिठाचं पाणी शिंपडतात, हे मी लहानपणापासून बघते आहे. मनकर्णाबाईंनी तर उभ्या जन्मात हेच केलं. तरी आम्ही पंचवीस बायकांनी मिळून मीठ कालवलं, कारण पत्रात लिहिलं होतं. लिहिलेलं आहे म्हणजे खरंच असणार, असं आम्हाला वाटलं. मला तुमचा राग येतो आहे आणि त्याहून जास्त माझा.

एकच बरं झालं. पाटलांना फार लागलं. आपल्या बैलांनी बालवाडी खाल्ली असं गावभर झालं आहे. त्यांनी स्वतःच्या गंजीतला कडबा पाठवला आणि गडीही दिला. पण दहा दिवस राहिले मामा. बैठका पुन्हा होतील, बाया म्हणतात जागून करू. पण पुन्हा कोणी खाल्ल्या तर? कडुलिंबाचं पाणी लावावं म्हटलं तर पार्बताबाई म्हणते, बैल सोडील पण शेळी कडुलिंब आवडीनं खाते. घुणाचं तर राहिलंच. लवकर लिहा. मामीलाही विचारा.

शालू

---

अकोला
२१ मार्च १९५९

चि. शालू,

मीठ ही चूक झाली. हे मी एकदाच लिहितो.

आता नीट वाच. तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत? तुराट्यांच्या कुडाच्या. त्यावर काय आहे? शेणमातीचं सारवण. किती वर्षं झाली? तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून आहेत. कुडाले घुन लागला का? कोन्या बैलानं कूड खाल्ला का? शेन लागलेल्या चाऱ्याले ढोर तोंड लावत नाई. शेळी बी नाई. मंग बैठकीले सारव ना बाप्पा!

बैठक म्हणजे एक लहानसा गोल कूड समज. पहिला हात दाट, मातीचा. तो वाळला की दुसरा शेणाचा, पातळ. चुंबळीवरून हात गोल फिरव, म्हणजे भेगा पडणार नाहीत. उन्हात दोन दिवसांत वाळेल, उन्हाळा आहे. वर पांढऱ्या मातीने प्रत्येक पोराची वेगळी खूण काढ, म्हणजे भांडणं होणार नाहीत. वर्षातून एकदा दिवाळीला घर सारवताना बैठकही सारवायची.

आज हे पत्र टाकायला मी जिनातून अर्धी रजा घेऊन स्टेशनवरच्या डाकेत जातो आहे. मला झोप लागत नाही.

मामा

---

पिंपळझिरा
३० मार्च १९५९

ती. मामांस, मामीस,
शालूचा हसत हसत जयभीम.

बालवाडी इथेच राहिली!

आता सगळं सांगते. तुमचं पत्र होळीच्या दिवशी आलं, तोवर बैठका पुन्हा बांधून झाल्या होत्या. मी मोठ्यानं वाचलं, आणि "बैठकीले सारव ना बाप्पा" हे ऐकून मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "रोज सकाळी सारवतो आन् आपल्याले सुचलं नाई!" त्याच दुपारी माती कालवली. पाटलांचा गडी पाणी आणत होता, बैल शेण पुरवत होते. पाटील म्हणाले, खाल्लं त्याची भरपाई करून राहिलेत.

अठ्ठावीसला सकाळी पंचवीस बैठका ओळीत होत्या. कोणावर चांदणी, कोणावर मासा, कोणावर कापसाचं बोंड. देवमनला बैल पाहिजे होता, काढला. बाई जीपमधून उतरल्या आणि बघतच राहिल्या. एक उचलून उलटी केली, बोटानं टोकून पाहिली. मग, मामा, त्या स्वतः बसल्या. त्या मनकर्णाबाईंच्या वरताण आहेत. आम्ही सगळ्या श्वास धरून उभ्या. बैठक हललीसुद्धा नाही.

त्यांनी विचारलं, जनावरं याला खात नाहीत का? पंजाबराव पाटील तयारच होते. त्यांनी तोच चोर बैल आणला, बाईंसमोर त्याचं तोंड बैठकीला लावलं. बैलानं हुंगलं, फुर्रकन नाक झाडलं आणि बाईंच्या पिशवीकडे वळला. पाटील म्हणाले, "घ्या बाई. झाली तपासनी."

शेरेबुकात काय लिहिलं ते मी पाठ केलं आहे: "बसण्याची सोय उत्तम. बालवाडी येथेच चालू राहावी." मी हे पाच वेळा वाचलं आणि पाचही वेळा रडले.

आता पुढचं. बाईंना दोन बैठका अमरावतीच्या ग्रामोद्योग प्रदर्शनात ठेवायच्या आहेत, पंचवीस एप्रिलला. जवळ एक पाटी राहणार. बैठक कशी करायची, काय चुका झाल्या, मिठाची गोष्टसुद्धा, सगळं तिच्यावर लिहायचं, म्हणजे दुसऱ्या गावच्या बैलांना मेजवानी मिळणार नाही असं बाई म्हणाल्या. आणि वर नाव: कल्पना कोणाची.

मामा, नाव काय लिहू? मी विचारते आहे, कारण मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

शालू

---

अकोला
७ एप्रिल १९५९

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जिनात सगळ्यांना वाचून दाखवलं. फोरमनने पेढे मागितले.

पाटीवर असं लिही: कल्पना व रचना, श्री. नत्थुजी डोमाजी खंडारे, सुतारमिस्त्री, अकोला. 'श्री.' विसरू नको. अक्षर ठसठशीत काढ. मला सुचलेली चुंबळ, मला सुचलेली ठशाची युक्ती आणि मला सुचलेली कुडाची रीत, असं क्रमाने यावं. मिठाची गोष्ट लिहायची काही गरज नाही. लोकांना नसत्या गोष्टीत रस असतो.

१० एप्रिल

हे पत्र तीन दिवस राहिलं. तिकीट नव्हतं म्हणून मी ते कोनाड्यात ठेवलं होतं, उघडंच. या घरात माझ्याशिवाय कोणी वाचत नाही या समजुतीने. ती समजूत जुनी झाली होती हे माझ्या ध्यानात आलं नाही.

काल सकाळी तुझ्या मामीने, गंगूने, चहा दिला. मी घोट घेतला आणि थुंकला. म्हटलं, अगं, मीठ पडलं यात! ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "घुन लागू नाई म्हनून टाकलं."

मग मला सगळं कळलं. दोन दिवस ती बोट ठेवून, अक्षर जुळवून, माझं पत्र वाचत होती. 'मला सुचलेली' हे तिने तीनदा वाचलं असणार, कारण तीनदा लिहिलं आहे.

शालू, तू विचारलंस तर आता सांगतो. चुंबळ तिची. धुळीतला ठसा तिचा. बायांनी आपापली बैठक करावी हे तिचं. कूड तिचा, आणि ते तर मी घाईत तिच्याच बोलीत लिहून गेलो. तू ओळखलंच असशील. माझी खुर्ची होती, आणि मीठ होतं. ती भाकरी करता करता सांगायची, मी लिहायचो, आणि लिहिणारा मी म्हणून सगळं माझं होत गेलं. मिठाच्या वेळी ती 'बैल खातीन' म्हणून ओरडत होती, आणि मी टोपी घालून निघून गेलो. मला फार लाज वाटते आहे. या वयात शिकून काय करायचंय असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर मला मिळालं.

पत्र फाडणार होतो. ती म्हणाली, फाडू नका, तसंच पाठवा. म्हणून तसंच पाठवतो. आतला दुसरा कागद तिचा आहे. मी एक काना-मात्रा सुधारलेली नाही. हात लावू दिला नाही.

तुझा
मामा

---

अकोला
तारीख १० एपरील

शालूले मामीचा जयभीम.

हे माहं पयलं पत्र हाये. हात दुखून राहिला. पाटीवर खोडता येते, कागदावर येत नाई, म्हनून जे येईन ते घे.

तुह्यं पयलं पत्र यायनं, तुह्या मामानं, मले वाचून दाखवलं. लेकराले विंचू चावला ते आयकून मले घास गेला नाई. मी लहान असताना मायी माय मले अशीच धुऱ्यावर ठेवे. तवाच मनात आलं का पोरायले बसाले काई तरी पायजे. यायची खुर्ची पाहून मले हासू आलं, पन नकाशा कागदावर होता. मले वाटलं कागदावर हाये तं बराबर असन. मी बी तुह्यासारखीच भुलली. मंग इचार केला, का कागदावर लिवाले आपल्याले आलं पायजे. म्हनून जास्त अभ्यास केला.

हे मानूस खराब नाई. तुह्या बालवाडीपायी यायले आठ दिवस झोप नवती. रागावू नोको. मी बी आता रागावली नाई. चाहात साखर टाकते.

पाटीवर माहं नाव टाक. गंगूबाई नत्थुजी खंडारे. खंडारे लिवाले मले चार रोज लागले, तं बराबर टाकजो. पंचीस तारखेले आमी दोघं गाडीनं अमरावतीले येतो. त्या पाटीजवळ मले उभी करजो आन् कोनी वाचून दाखवू नोका. मी सोता वाचीन. कितीक येळ लागला तरी थांबजा.

बालवाडीतल्या सगळ्या पोट्ट्यायले मायी पप्पी.

तुही मामी
गंगूबाई

आनखी एक. मिठाची गोष्ट पाटीवर लिवजोच. त्याच्याखाली यायचं नाव टाक. श्री. लावून.